छोट्या गावातले पोलीस: पोहोचायला लागणारा वेळ, त्यांचा पगार आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या गावांच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत दोन तक्रारी हमखास कानावर येतात. फोन केला तरी पोलीस वेळेवर येत नाहीत, ही पहिली. पोलिसांवरचा खर्च दरवर्षी वाढतच चालला आहे, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. दोन्हींच्या मुळाशी एकच आकडा असतो: या घडीला ड्युटीवर माणसं किती? बैठकीत नेमका तोच आकडा फार कमी वेळा विचारला जातो. खालच्या उत्तरांत अमेरिका आणि कॅनडातली उदाहरणं जास्त आहेत, कारण तिथल्या अनेक गावांना पोलिसांचा पगार स्वतःच्या करातून द्यावा लागतो आणि हा हिशेब गावासमोर उघडपणे मांडला जातो.

पोलीस किती वेळात आले, हे नेमकं कुठून मोजतात?

आपण फोन लावल्यापासून पोलीस दारात उभे राहीपर्यंतचा वेळ धरतो. मदत हवी असलेल्या माणसाच्या दृष्टीने तोच खरा वेळ. पण मधे बरेच टप्पे असतात. फोन उचलला जातो, नियंत्रण कक्षातला माणूस माहिती विचारून नोंद करतो, मोकळी गाडी सापडेपर्यंत ती नोंद रांगेत थांबते, मग गाडीला निरोप जातो, गाडी निघते आणि पोहोचते. बरीच दलं निरोप दिल्यापासून पोहोचेपर्यंतचाच वेळ जाहीर करतात. त्यात रांगेत गेलेली मिनिटं गायब होतात, आणि छोट्या दलात सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो, कारण मोकळी गाडीच नसते. म्हणून कोणताही आकडा ऐकला की घड्याळ कुठे सुरू केलं आणि कुठे थांबवलं, हे आधी विचारा.

आमच्याकडे सरासरी चांगली आहे असं सांगतात. मग लोक नाराज का?

सात कॉल धरू. पोलीस अनुक्रमे ४, ५, ६, ७, ८, ९ आणि ५२ मिनिटांत पोहोचले. सरासरी निघते १३ मिनिटं, पण १३ मिनिटांच्या जवळपासचा अनुभव सातांपैकी एकालाही आलेला नाही. मधला आकडा ७ मिनिटांचा आहे आणि एका घराने जवळजवळ तासभर वाट पाहिली आहे. छोट्या गावात महिन्याला गंभीर कॉल मोजकेच येतात, त्यामुळे एखाद्या कॉलनेही सरासरी पार हलते. मधला आकडा आणि दहापैकी नऊ कॉल किती मिनिटांच्या आत हाताळले गेले तो आकडा, हे दोन्ही एकत्र पाहावेत. गंभीर आणि किरकोळ कॉल वेगळे करून पाहावेत. चुकीच्या जागी लावलेल्या गाडीची तक्रार आणि दार फोडण्याची तक्रार एकाच बेरजेत घातली, तर उत्तर कुणाच्याच कामाचं राहत नाही.

छोट्या गावात पोलीस उशिरा का पोहोचतात?

अंतर हे पहिलं कारण, आणि ते सगळ्यांना दिसतं. गस्तीची गाडी हद्दीच्या एका टोकाला असेल आणि घर २५ किलोमीटरवर असेल, तर ताशी ७५ किलोमीटर वेगानेही २० मिनिटं लागतात. रस्ता अरुंद असेल, रात्र असेल, घरांना क्रमांक नसतील, तर आणखी वेळ जातो.

दुसरं कारण सहसा दिसत नाही. वर्षाचे तास होतात ८,७६०. आठवड्याला ४० तासांप्रमाणे एका पोलिसाचे वर्षाला २,०८० तास भरतात. त्यातून रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि कोर्टातल्या साक्षी वजा केल्या की गस्तीसाठी साधारण १,७०० तास उरतात. म्हणजे दिवसरात्र, सणवार धरून, एक माणूस सतत ड्युटीवर ठेवायचा तर पाच जण नेमावे लागतात. दोन माणसं ठेवायची तर दहा. अमेरिकेतल्या स्थानिक पोलीस दलांपैकी जवळपास निम्म्यांत दहापेक्षा कमी पूर्णवेळ अधिकारी आहेत. याचा सरळ अर्थ असा की त्या गावांना एका वेळी दोन अधिकारी चोवीस तास ठेवणं परवडत नाही. काही ठिकाणी मध्यरात्रीनंतर कुणीच ड्युटीवर नसतं. तेव्हा ड्युटी संपलेल्या माणसाला घरून उठवून बोलावतात किंवा शेजारच्या हद्दीतून गाडी येते.

गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर असतात पटावरची सहा माणसं. रात्री दोन वाजता त्यांतला एक जागा असतो, आणि तोही एखादा आरोपी तालुक्याच्या कोठडीत सोडायला गेलेला असतो. अटक झाली की दीड-दोन तास गाव मोकळं पडतं. हा हिशेब मी जितक्या लोकांसमोर मांडला आहे, त्यातल्या बहुतेकांनी तो पहिल्यांदाच ऐकला होता.

एकटा पोलीस आला तरी चालेल की! दोघांसाठी का थांबायचं?

हाणामारी, घरगुती हिंसा किंवा हत्यार असलेला माणूस, अशा कॉलवर एकट्याने आत शिरणं जिवावर बेतू शकतं. म्हणून पहिला पोलीस कधी कधी घराबाहेर पोहोचून कुमकेची वाट पाहतो. कागदावर तो पोहोचलेला असतो, घरातल्या माणसाच्या दृष्टीने मात्र अजून कुणीच आलेलं नसतं. छोट्या गावात कुमक शेजारच्या दलातून येते, त्यामुळे कुमक पोहोचायला किती वेळ लागतो याचीही नोंद ठेवायला हवी. ती फार थोडी दलं ठेवतात.

पोलीस लवकर आल्याने खरंच फरक पडतो का?

यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्हींना पुरावा आहे.

१९८१ साली अमेरिकेतल्या चार शहरांच्या अभ्यासात स्पेलमन आणि ब्राउन यांनी दाखवलं की नोंदवलेल्या गंभीर गुन्ह्यांपैकी साधारण ३ टक्क्यांतच पोलीस झटपट पोहोचल्यामुळे अटक झाली. कारण साधं होतं. बहुतेक गुन्हे घडून गेल्यावर उघडकीस येतात. सकाळी उठल्यावर चोरी कळते, तेव्हा पोलीस पाच मिनिटांत आले काय आणि अर्ध्या तासात आले काय, चोर कधीच निघून गेलेला असतो. शिवाय गुन्हा डोळ्यांसमोर घडतानाही लोक फोन करायला वेळ लावतात. आधी घरच्यांना सांगतात, शेजाऱ्याला विचारतात, मग पोलिसांना कळवतात. कॅन्सस सिटीतल्या सत्तरच्या दशकातल्या अभ्यासातही हाच उशीर ठळकपणे दिसला होता.

त्यानंतर बरेच दिवस वेगाला फारसं महत्त्व नाही असं मानलं गेलं. मग २०१८ मध्ये ब्लानेस इ विदाल आणि किर्चमायर यांनी इंग्लंडमधल्या ग्रेटर मँचेस्टरच्या नोंदी बारकाईने तपासल्या. प्रतिसादाचा वेळ १० टक्क्यांनी वाढला तर गुन्हा उकलण्याची शक्यता ४.७ टक्के बिंदूंनी घटते, असं त्यांना आढळलं. पोलीस लवकर आले की साक्षीदार अजून तिथेच असतात आणि संशयिताचं नाव सांगणारं कुणीतरी सापडतं. अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या कॉलवरचा अभ्यास सांगतो की लवकर पोहोचल्याने इजा होण्याची शक्यता कमी होते, विशेषतः स्त्रियांना. माझ्या मते छोट्या गावांनी या शेवटच्या निष्कर्षाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं. एकाकी घरात मार खाणाऱ्या बाईसाठी आरोपी नंतर पकडला जाणं ही पुढची गोष्ट आहे. मार आत्ता थांबायला हवा.

हे सगळे अभ्यास शहरांतले आहेत. तीस किलोमीटर पसरलेल्या हद्दीला त्यांचे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. त्यांतली कारणं मात्र सगळीकडे लागू पडतात.

पगार वाढवला तर पोलीस लवकर येतील का?

थेट नाही. पगारवाढीने गाडीचा वेग वाढत नाही आणि रस्ताही लहान होत नाही. पगाराचा परिणाम माणसं टिकण्यावर होतो. माणसं टिकली तर पाळ्या भरलेल्या राहतात, आणि पाळी भरलेली असेल तर रात्री दोनच्या फोनला निघायला गाडी असते. या साखळीला वेळ लागतो. पगार आज वाढवला तर नवा माणूस भरती होऊन, प्रशिक्षण संपवून एकटा गस्तीवर जाईपर्यंत बहुधा वर्ष उलटतं. अमेरिकेत नुसतं अकादमीतलं मूलभूत प्रशिक्षण सरासरी ८०० तासांहून जास्त असतं आणि त्यानंतर अनुभवी अधिकाऱ्यासोबत काही महिने काढावे लागतात. सहा महिन्यांनी आकडा हलला नाही म्हणून पगारवाढ फुकट गेली असा निष्कर्ष काढू नका.

उलट दिशेने हीच साखळी फार लवकर तुटते. एक जण सोडून गेला की उरलेल्यांवर ओव्हरटाइम येतो. ते थकतात आणि त्यांतला आणखी एक जातो. सहा जणांच्या दलातून दोघं जाणं म्हणजे एक तृतीयांश दल जाणं.

पगारामुळे एखादं दलच बंद पडलं, असं कधी झालं आहे का?

हो. मिनेसोटा राज्यातलं गुडह्यू हे साधारण १,३०० वस्तीचं गाव. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पोलीसप्रमुखासह सगळ्या दलाने राजीनामा दिला. ताशी २२ डॉलरमध्ये कुणी अर्जच करत नाही, आसपासची दलं जास्त देतात, असं प्रमुखाने गावच्या परिषदेला आधी सांगितलं होतं. त्यानंतर गावाची जबाबदारी काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाकडे, गेली.

या प्रसंगात गावाला दोष देणं सोपं आहे. पण तेराशे लोकांच्या करातून किती निघणार, हाही प्रश्न आहे. मला खटकतं ते हे की भरती होत नाही ही बातमी परिषदेपर्यंत पोहोचून ठोस निर्णय होण्याआधीच दल संपलं. रिकाम्या जागा किती आणि गेल्या वर्षभरात अर्ज किती आले, हे दोन आकडे दर बैठकीच्या टिपणात असायलाच हवेत.

कमी पगाराने पोलिसांच्या कामात फरक पडतो का?

अलेक्सांद्र मास यांनी २००६ साली न्यू जर्सीतल्या पोलिसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासाच्या काळात तिथे पगाराचा वाद मिटला नाही तर लवाद दोन बाजूंपैकी एकीचा प्रस्ताव उचलत असे. जिथे पोलिसांची बाजू हरली तिथे त्यानंतरच्या महिन्यांत अटकेचं प्रमाण घटलं आणि नोंदवलेले गुन्हे वाढले. पगार किती होता यापेक्षा अपेक्षेच्या किती खाली राहिला, हे जास्त महत्त्वाचं ठरलं. छोट्या गावांनी यातून एक गोष्ट नक्की घ्यावी: झेपणार नाही असं आश्वासन वाटाघाटीत देऊ नये.

मग किती पगार पुरेसा?

एकच आकडा कुठेही लागू होत नाही. गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूतली दलं काय देतात, हे पाहा. अधिकारी दुसऱ्या राज्याशी तुलना करत नाही, शेजारच्या गावाशी करतो. त्यातही सुरुवातीच्या पगारापेक्षा तिसऱ्या ते पाचव्या वर्षाचा पगार जास्त महत्त्वाचा. बरीच गावं सुरुवातीचा आकडा आकर्षक ठेवतात आणि पुढची वाढ अगदी किरकोळ. मग त्यांच्या खर्चाने तयार झालेला माणूस तीन वर्षांत मोठ्या शहरात जातो. हे गावाला दुप्पट महाग पडतं, कारण प्रशिक्षणाचा पैसा जातो आणि जागा रिकामी असताना ओव्हरटाइमही द्यावा लागतो. प्रशिक्षणानंतर ठरावीक वर्षं सेवा न केल्यास खर्च परत देण्याचा करार काही ठिकाणी असतो. त्याने माणूस थोडा जास्त थांबतो, पण मनाने आधीच गेलेला असतो.

पैशांखेरीज तीन गोष्टी माणसाला धरून ठेवतात: राहायला घर, महिनाभर आधी कळणारं पाळ्यांचं वेळापत्रक आणि खरीखुरी सुट्टी. ज्याला सुट्टीच्या दिवशीही फोन उशाला ठेवून झोपावं लागतं, त्याच्या कुटुंबाने तिथे किती वर्षं काढावीत?

प्रमुखाचा पगार जाहीर असावा का?

असावाच. कॅलिफोर्नियातल्या बेल या चाळीस हजारांच्या आतल्या वस्तीच्या, गरीब शहरात पोलीसप्रमुखाला वर्षाला ४,५७,००० डॉलर मिळत होते, हे २०१० मध्ये उघड झालं. ही रक्कम तेव्हाच्या लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाच्या पगाराच्या जवळपास दीडपट होती.

सरकारी अनुदानातून माणसं नेमता येतात ना?

येतात, पण अनुदान संपण्याची तारीख पहिल्या दिवशीच भिंतीवर लावा. अमेरिकेच्या केंद्र सरकारची १९९४ च्या कायद्यातून आलेली भरती योजना तीन वर्षांपर्यंत सुरुवातीच्या पगाराचा ७५ टक्क्यांपर्यंत भाग देते आणि त्याला वरची मर्यादाही आहे. चौथ्या वर्षी पूर्ण पगार गावाच्या माथी येतो. त्याची तरतूद नसेल तर जागा रद्द होते, आणि लोकांना मात्र चांगल्या सेवेची सवय झालेली असते.

स्वतःचं दल ठेवण्याऐवजी मोठ्या दलाशी करार केला तर?

हा मार्ग जुना आहे. १९५४ साली कॅलिफोर्नियातलं लेकवुड नवं शहर झालं तेव्हा त्याने स्वतःचं दल उभारलंच नाही, लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफकडून सेवा विकत घेतली. पुढे अनेक शहरांनी हाच मार्ग धरला. फायदे खरे आहेत: तपास पथक, प्रयोगशाळा, सुट्टीवर गेलेल्याच्या जागी बदली माणूस, हे सगळं मोठ्या दलाकडे असतं.

अडचण अशी की पगाराची वाटाघाट गावाच्या हातातून जाते. कॅनडात अनेक छोटी गावं केंद्राच्या रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांची सेवा घेतात. साधारणपणे १५,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावाने ७० टक्के खर्च द्यायचा आणि उरलेला केंद्राने, त्याहून मोठ्या गावाने ९० टक्के. २०२१ मध्ये या दलाच्या संघटनेचा पहिला सामूहिक करार झाला. पगारवाढ २०१७ पासून मागील प्रभावाने लागू झाली आणि थकबाकीची बिलं गावांकडे गेली. वाढ रास्त होती, कारण हे अधिकारी इतर मोठ्या दलांच्या बरेच मागे पडले होते. पण वाटाघाटीच्या टेबलावर बिल भरणारी गावं नव्हती. करार करणाऱ्या गावाने दोन कलमं लिहूनच घ्यावीत: गावाच्या हद्दीत किमान किती तास गाडी असेल, आणि वर्षाला खर्च किती वाढला तर आधी कळवावं लागेल.

सगळ्या देशाचं किंवा राज्याचं एकच दल असेल तर प्रश्न सुटतो का?

पगाराचा बराचसा सुटतो, वेळेचा नाही. स्कॉटलंडने १ एप्रिल २०१३ रोजी सगळी दलं एकत्र केली. भारतात पोलीस हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे एका राज्यात आडवळणाच्या ठाण्यातल्या आणि राजधानीतल्या शिपायाची वेतनश्रेणी सारखीच. अशा व्यवस्थेत गावं पगारावर स्पर्धा करत नाहीत, पण बदलीवर करतात. दूरच्या ठाण्यातली नेमणूक कुणालाच नको असते आणि मंजूर जागा कागदावरच राहतात.

नॉर्वेची पद्धत मला आवडते. तिथे वेळेचं उद्दिष्ट वस्तीनुसार वेगळं ठरवलं आहे: २०,००० हून मोठी ठिकाणं, २,००० ते २०,००० मधली आणि त्याबाहेरचा विरळ भाग. विरळ भागाला शहराइतका वेग मिळणार नाही हे त्यात मान्य केलेलं आहे, पण त्याच्यासाठीही एक आकडा आहे आणि तो पाळला गेला की नाही हे तपासलं जातं.

पोलीस मुळीच नसतील तर काय होतं?

ऑरेगनमधल्या जोसेफीन काउंटीला जंगलांपोटी मिळणारा केंद्राचा पैसा आटला. २०१२ च्या मे महिन्यात मतदारांनी जादा कर नाकारला आणि शेरीफच्या कार्यालयातली बहुतेक माणसं कमी झाली. उरलेले सोमवार ते शुक्रवार दिवसाच्या वेळातच उपलब्ध असत. त्याच ऑगस्टमध्ये एका स्त्रीने पहाटे मदतीसाठी फोन केला. दारात तिच्यावर आधी अत्याचार केलेला माणूस होता. पाठवायला कुणीच नाही, असं तिला सांगण्यात आलं. तो आत घुसला आणि त्याने तिच्यावर अत्याचार केला. कर नाकारणाऱ्यांचीही परिस्थिती हलाखीची होती, हे खरं. तरीही मतपत्रिकेवरचा तो प्रश्न प्रत्यक्षात कोणता होता, हे या एका फोनने दाखवून दिलं.

अलास्कात रस्तेच नसलेल्या अनेक वस्त्यांत विमानाशिवाय पोहोचता येत नाही. हवामान बिघडलं तर राज्य पोलिसांना यायला दिवस लागतात. तिथे गावातच राहणारे सुरक्षा अधिकारी नेमण्याची योजना सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. पण पगार तुटपुंजा आणि राहायला घर नाही, म्हणून माणसं टिकली नाहीत. २०१९ मधल्या पत्रकारांच्या तपासात दिसलं की तिथल्या किमान एक तृतीयांश वस्त्यांत स्थानिक पोलीस असा कुणीच नव्हता. त्याच वर्षी केंद्र सरकारने तिथे आणीबाणी जाहीर करून एक कोटी डॉलरहून जास्त निधी दिला.

पोलिसांनी वेळेत येणं कायद्याने बंधनकारक असतं का?

देशागणिक वेगळं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक या शहराच्या खटल्यात निकाल दिला की संरक्षण आदेश (त्रास देणाऱ्याने जवळ येऊ नये असा कोर्टाचा हुकूम) असूनही पोलिसांनी तो अमलात आणावाच, असा राज्यघटनेने दिलेला हक्क खटला भरणाऱ्या आईला नाही. तिच्या तीन मुलींचा जीव गेला होता. म्हणून लेखी उद्दिष्ट, जाहीर आकडे आणि करारातली कलमं यांना इतकं महत्त्व आहे.

पगार किंवा माणसं न वाढवता वेळ कमी करता येतो का?

थोडाफार, आणि ते आधी करावं. घरफोडीच्या स्वयंचलित अलार्मचे दहापैकी नऊहून जास्त कॉल खोटे निघतात, म्हणून प्रत्यक्ष खात्री झाल्यावरच गाडी पाठवण्याचा नियम काही शहरांनी केला आहे. जुन्या चोरीची तक्रार फोनवर नोंदवता येते. अधिकाऱ्याला गस्तीची गाडी घरी नेऊ दिली तर तो रात्री थेट घरून निघतो. प्रत्येक घराला लांबून दिसणारा, अंधारात चमकणारा क्रमांक लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो.

फोन करताना मी काय केलं तर मदत लवकर येईल?

आधी फोन करा, मग शेजाऱ्याला सांगा. सुरुवातीलाच ठिकाण सांगा, म्हणजे फोन तुटला तरी गाडी निघू शकते. पत्ता सापडायला अवघड असेल तर खूण सांगा. हत्यार आहे का आणि कुणी जखमी आहे का, हे लगेच सांगा. पुढचे प्रश्न ऐकून चिडू नका, कारण बऱ्याच ठिकाणी तुम्ही बोलत असतानाच गाडी निघालेली असते. बाहेर सुरक्षित उभं राहता येत असेल तर फाट्यावर कुणाला तरी दिवा घेऊन उभं करा.

गावच्या बैठकीत नेमकं काय विचारू?

फोन उचलल्यापासून पहिला अधिकारी पोहोचेपर्यंतचा मधला आकडा आणि दहापैकी नऊ गंभीर कॉलचा आकडा, दिवस आणि रात्र वेगळे. रात्रीच्या किती तासांत ड्युटीवर एकच माणूस असतो आणि किती तासांत एकही नसतो. कुमक सरासरी किती मिनिटांनी येते. मंजूर जागांपैकी भरलेल्या किती, गेल्या तीन वर्षांत किती जण सोडून गेले आणि कुठे गेले. ओव्हरटाइमवर किती खर्च झाला, आणि तेवढ्यात एक जागा भरता आली असती का. उत्तरं लेखी मागा, कागदावर तारीख टाका, आणि पुढच्या वर्षी हेच प्रश्न याच क्रमाने पुन्हा विचारा.